वाट दाखविणाऱ्या बाणाविरुद्ध

आमच्या देवस्थान समितीच्या मागील बैठकीत एक प्रस्ताव आला आणि त्यावरून सभेचे सरळ दोन तट पडले. समाजातील काही होतकरू तरुणांनी असे सुचविले की, हैदराबादेत वाढलेल्या आपल्या मुलांना गोमंतकातील कुलदेवतांची ओळख राहावी म्हणून एक व्हिडिओ गेम तयार करावा. तो साधासुधा नव्हे, तर ज्याला हल्ली ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात त्या जातीचा. म्हणजे खेळणाऱ्यापुढे एक सबंध मुलूख पसरलेला असावा आणि त्याने त्यात मन मानेल तिकडे हिंडावे. खर्चास देवस्थानाने हातभार लावावा. यावर वडीलधाऱ्यांच्या एका पक्षाने उच्चरवाने सांगितले की, असले खेळ म्हणजे निव्वळ कालापव्यय, आणि देवाच्या द्रव्याने कालापव्यय करणे हे पाप होय. दुसरा पक्ष म्हणाला की, मुले खेळणार ती खेळणारच, तर निदान देवळांतून खेळोत. आम्ही त्या सभेत हजर होतो आणि मूग गिळून बसलो होतो. त्या मौनाची भरपाई या पृष्ठांवर करण्याचा आमचा इरादा आहे. आमचे म्हणणे दोन्ही पक्षांना रुचेल असा संभव नाही.

तरुणांचा आराखडा आम्ही घरी आणून दोनदा वाचला. त्यात चाळीस देवळे आहेत. नकाशात प्रत्येक देवळावर एक सोनेरी कळस आहे. खेळणाऱ्याच्या मस्तकावर अष्टौप्रहर एक बाण तरंगत राहणार आणि तो पुढच्या देवळाकडे तोंड करून असणार. देवळात पोहोचताच घंटा वाजून ५० गुण. मग त्या स्थळाच्या इतिहासावर एक प्रश्न व चार उत्तरे. उत्तर बरोबर आले की आणखी ५० गुण. चाळीसही कळस उजळले म्हणजे यात्रा सफल. मुलूख किती चौरस किलोमीटर असेल याचाही साभिमान उल्लेख आहे. हे वाचून आम्हांस यात्रेची आठवण झाली नाही. वीजबिलाची वसुली करीत दारोदार फिरणाऱ्या कारकुनाची झाली.

पहिल्या पक्षाचा परामर्श थोडक्यात घेतो, कारण त्याचे म्हणणेही थोडकेच आहे. खेळ हाच जर दोष असेल, तर तिरुपतीचा बालाजी हाथीराम बावाजींशी रात्री सोंगट्या खेळत बसे, ही कथा आपल्या घराघरांत इतकी वर्षे भक्तीने का सांगितली जाते? आणि भटकणे हा दोष असेल, तर विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ घराबाहेर काढावे लागेल. भटजी १८५७ साली वरसईहून निघाले ते यज्ञातील दक्षिणेच्या आशेने, आणि सापडले बंडाच्या वावटळीत. त्यांच्या मनातील बेत तडीस गेला असता, तर आज त्यांचे नाव कोणाला ठाऊकही नसते. आपण त्यांना वाचतो ते वाट वाकडी झाली म्हणून.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. पण त्याआधी वाचकांना आमच्याबरोबर बेगम बाजारात यावे लागेल.

गेल्या माघात समाराधनेसाठी दोन समया, तांब्याचे दोन हंडे आणि पंक्तीला पुरतील अशी पितळी पातेली खरेदी करावयाची होती. हैदराबादेत असल्या खरेदीसाठी बेगम बाजाराखेरीज दुसरे नाव तोंडी येत नाही. दुसरा आसफजाह निजाम अली खान याच्या हमदा बेगम नावाच्या राणीने ही जागा व्यापाऱ्यांना दिली आणि तिच्यावरून बाजारास नाव पडले, असे सांगतात. मूसी नदीच्या उत्तर अंगास, अफझलगंजाला लागून हा घाऊक बाजार पसरला आहे. चारचाकी गाडी आत घालण्याचे धाडस शहाण्याने करू नये. आम्ही तिघे होतो: आम्ही, आमचे एक स्नेही आणि त्यांचा पंधरा वर्षांचा नातू. नातवाला बळेच आणले होते, आणि तसे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेही होते.

भांड्यांच्या ज्या दुकानाचा पत्ता आम्हांस मिळाला होता, तो शोधण्यासाठी मुलाने फोन काढला. पहिल्या दोन वळणांपर्यंत फोनमधला बाण शहाण्यासारखा वागला. तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी येताच तो जागच्या जागी गिरक्या घेऊ लागला, आणि नंतर एका भिंतीतून आरपार जाण्याची आज्ञा करू लागला. मुलाने फोन खिशात टाकला. मग आम्ही एका बंडीवाल्याला विचारले. तो थांबलासुद्धा नाही; जाता जाता म्हणाला, “सीदा जाव, छत्री के पास पूछ लेव.” छत्रीच्या चौकात दुसऱ्याने सांगितले की, मिरचीचा ठसका लागला की उजवीकडे वळावे. त्या बाजारात अखेरपर्यंतची वाट कोणी कोणाला सांगत नाही. जो तो पुढच्या खुणेपर्यंत पोहोचवितो आणि तेथे पुन्हा विचारावयास सांगतो. प्रथम याचा त्रास होतो. थोड्या वेळाने गोडी लागते.

ठसका लागला. आम्ही वळलो. हळदीची पोती, धण्यांची पोती, खारका, बदाम, काजू, हमालांची “बाजू, बाजू!” अशी आरोळी, आणि मग वास मागे पडून पितळेवर पितळ आदळल्याचा आवाज कानी आला. दुकान दिसण्याआधी ते ऐकू आले. तासाभरात आमच्या ध्यानी आले की, या गजबजाटास स्वतःची अशी रीत आहे. एका मालाची दुकाने एकमेकांना धरून बसली आहेत; गल्ली बदलली की वास बदलतो; भरलेल्या बंड्या ज्या गल्लीने येतात ती मोठ्या रस्त्याला मिळते, आणि जेथे केवळ माणसेच शिरतात ती पुढे जाऊन अरुंद होते. ही रीत आम्हांस कोणी शिकविली नव्हती. ज्याला बळेच आणले होते तो मुलगा आता पुढे झाला होता, आणि “आजोबा, इकडून, तिकडे रस्ता बंद असणार,” असे अधिकारवाणीने सांगत होता. दोन वेळा चुकला. एका चुकीने आम्हांस थेट मासळीबाजारात नेऊन उभे केले. देवकार्यास निघालेल्या तीन सारस्वतांची त्या ठिकाणी काय मनःस्थिती झाली असेल ती आमच्या वाचकांना वर्णन करून सांगण्याचे कारण नाही. समुद्र तेथून कोसच्या कोस दूर. पण गोड्या पाण्यातील ताजी मरळ पाहून आमचे स्नेही पाऊण तास हालले नाहीत. घेतले काही नाही, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो.

त्या पाऊण तासात ओट्यावर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थाने मुलाशी गप्पा सुरू केल्या आणि मूसीच्या पुराची गोष्ट काढली. २८ सप्टेंबर १९०८ रोजी या नदीने दोन्ही काठ धुऊन नेले, हजारो माणसे दगावली. त्याच पुरापायी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना हैदराबादेस पाचारण करण्यात आले आणि पुढे उस्मानसागर व हिमायतसागर ही धरणे झाली, हे शाळेच्या पुस्तकात असते. गृहस्थाने सांगितले ते वेगळे. अफझलगंजातील उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे. त्या दिवशी त्याच्या फांद्यांवर चढून दीडशेच्या आसपास माणसे वाचली. “आहे अजून?” मुलाने विचारले. “जाके देखो,” गृहस्थ म्हणाले. परतताना हंडे हातगाडीवर चढवून आम्ही वाट वाकडी करून गेलो. झाड आहे. मुलगा त्याच्या बुंध्याला हात लावून बराच वेळ वर पाहत राहिला.

या सर्वाचा व्हिडिओ गेमशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध त्या मुलानेच लावून दिला. घरी आल्यावर त्याने आम्हांस आपला आवडता खेळ उघडून दाखविला आणि म्हणाला, “आज झालं ना, तसंच आहे यात.” तो खेळ जपानातील निन्टेन्डो कंपनीचा, ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’, २०१७ सालचा. आम्ही चष्मा पुसून बसलो आणि रात्री बारापर्यंत उठलो नाही.

खेळाच्या आरंभी नायक एका गुहेतून बाहेर येतो, आणि डोंगरकड्यावरून सबंध देश त्याच्या दृष्टीस पडतो. येथे जा, तेथे जा असे कोणी दटावीत नाही. त्यातही उंच मनोरे आहेत आणि त्यांवर चढल्यावर नकाशा मिळतो. पण तो डोंगर, नद्या, वाटा एवढेच दाखवितो. काय पाहण्याजोगे आहे ते आपल्या डोळ्यांनी हेरावयाचे आणि खूण आपणच करावयाची. या खेळाच्या कर्त्यांनी त्याच वर्षी जपानातील एका परिषदेत आपली युक्ती उघड करून सांगितली. त्यांनी टेकड्या त्रिकोणाच्या आकाराच्या ठेवल्या. त्रिकोण समोर आला की चढून जावे की वळसा घालावे हे खेळणाऱ्यास ठरवावे लागते. शिवाय त्रिकोणाआड काहीतरी दडलेले असते, आणि पुढे सरकावे तसे ते थोडे थोडे उघड होते. अंतरे कशी असावीत हे समजण्यासाठी त्यांनी आपल्या क्योतो शहराचा नकाशा खेळाच्या नकाशावर ठेवून पाहिला. ओळखीच्या ठिकाणाहून ओळखीच्या ठिकाणी चालत जाण्यास जो वेळ लागतो तो त्यांच्या पायांना ठाऊक होता. या मालिकेचा जनक शिगेरू मियामोतो, त्याने पहिला खेळ १९८६ साली काढला तो क्योतोजवळच्या सोनोबे गावात लहानपणी रानोमाळ हिंडल्याच्या, कंदील घेऊन गुहेत शिरल्याच्या आठवणीवर. म्हणजे जगभर गाजलेल्या या खेळाचे मूळ एका पोराच्या उनाडकीत आहे. आमच्या सभेतील कालापव्ययवाद्यांनी याची नोंद घ्यावी.

आता आराखड्यातील चौरस किलोमीटरांविषयी. अमेरिकेतील बेथेस्डा कंपनीने १९९६ साली ‘डॅगरफॉल’ नावाचा खेळ काढला. त्यातील मुलूख सुमारे १,६०,००० चौरस किलोमीटरांचा, म्हणजे आजच्या तेलंगणाहूनही मोठा. गावे व तळघरे हजारोंच्या संख्येने. परंतु ती बहुतेक संगणकाने छापखान्यासारखी पाडलेली. एक गाव पाहिले की शंभर पाहिली. त्याच कंपनीने २००२ साली ‘मॉरोविंड’ काढला तेव्हा मुलूख आकसून एका बेटाएवढा केला, आणि तो माणसांनी हाताने रचला. त्यात डोक्यावर बाण नाही. गावकरी सांगतो की, ओढ्याच्या काठाने जा, मोठा खडक लागला की वळ. आणि क्वचित चुकीचेही सांगतो. अगदी आमचा बंडीवाला! त्या लहानशा बेटावर मनापासून प्रेम करणारी माणसे आजही आहेत.

आकाराची हाव कोठवर जाते याचा आणखी एक नमुना. २०१६ साली इंग्लंडातील एका लहान कंपनीने ‘नो मॅन्स स्काय’ हा खेळ आणला. त्यातील ग्रहांची संख्या दोनाचा चौसष्टावा घात, म्हणजे १८ वर १८ शून्ये लिहून जी होईल तिच्याहूनही किंचित अधिक. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे मागणाऱ्या ब्राह्मणाची गोष्ट आपल्याकडे लहानांनाही ठाऊक आहे. राजाचे कोठार रिते करणारी ती जी संख्या, तीच ही, एका दाण्याने अधिक! राजा फसला तसेच पहिल्या वर्षी पुष्कळ खेळणारे फसले. ग्रह अगणित, पण दहा ग्रहांनंतर अकराव्यावर उतरण्याचे कारण सापडेना. कर्त्यांनी मागाहून अनेक वर्षे खपून, नवी नवी भर घालून खेळ पुष्कळ सुधारला, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे.

आणि बाण? बाणाची व नकाशावरील खुणांची साथ पसरण्यास ‘असॅसिन्स क्रीड’ या २००७ सालच्या खेळाचे यश मोठे कारण झाले, असे आमचे मत आहे. त्या खेळात जेरुसलेम, दमास्कस व अक्र ही ११९१ सालची शहरे मोठ्या कसबाने उभी केली आहेत. उंच इमारतीवर चढावे, सभोवार नजर टाकावी आणि नकाशा उमटावा, ही कल्पना मुळात सुरेख होती. पण नकाशा उमटताच त्यावर खुणा उमटू लागल्या, पुढील भागांत त्या वाढत गेल्या, आणि इतरांनी त्यांचे अनुकरण केले. अखेर खेळणारा शहराकडे पाहीनासा झाला. तो कोपऱ्यातील छोट्या नकाशाकडे पाहत पळू लागला. आमच्या तरुणांचे सोनेरी कळस हे या खुणांचेच चुलतभाऊ होत.

आपल्या देवळांवर परकीयांनी रचलेला एक खेळही आम्ही त्या मुलाकडून पाहून घेतला. ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’ हा २०१७ सालचा, त्यात सह्याद्रीचा एक विस्तीर्ण प्रदेश मोकळा सोडला आहे आणि होयसळांची बेलूर व हळेबीडू ही नगरे येतात. शिल्पे पाहून डोळे निवतात. मात्र हळेबीडू निबिड अरण्यात हरवलेले दाखविले आहे, आणि ज्या हळेबीडूस हसनहून सरळ बस जाते, तेथे जाऊन आलेल्या आमच्यासारख्यांना त्याचे हसू येते. असो. तो खेळ सर्वस्वी मोकळा नाही; पण तेवढ्या एका प्रकरणात, चिखलातून गाडी हाकीत, दूरच्या बुरुजाकडे पाहून वाट काढताना जी मौज येते ती खरी. आपली माणसे हे करू शकत नाहीत असेही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ नावाचा खेळ आणला. तो ठराविक वाटेने जाणारा आहे, तथापि त्यातील महाल व मंदिरे पाहून कसबाची उणीव आहे असे कोणी म्हणणार नाही. उणीव असलीच तर धीराची आहे.

दुसऱ्या पक्षाचा आमच्यावर एक वाजवी आक्षेप येईल, तो टाळणे बरे नव्हे. ते म्हणतील, नुसते हरवून जाण्यात कसली मौज? मुलगा अर्धा तास हिंडून कंटाळेल आणि खेळ बंद करील. हे अगदी खरे आहे. ओसाड माळावर सोडलेल्या माणसाला स्वातंत्र्य भरपूर असते आणि करमत नाही. म्हणूनच आम्ही वाचकांस बेगम बाजारात नेले. तेथे हिंडण्यात गोडी आली ती बाजारास रीत होती म्हणून, ती आमची आम्हांस उकलता आली म्हणून. दर वळणावर नाक, कान, डोळे यांना काही सांगावा होता म्हणून. आणि शेवटी जे हाती लागले ते त्या जागेचेच होते. चिंचेच्या झाडाखाली आम्हांस ५० गुण मिळाले असते तर? मुलाने गुण मोजले असते व वर पाहिले नसते. वृद्धांना, दमलेल्यांना बाण हवा असेल तर तो मागितल्यावर मिळावा. न मागता डोक्यावर टांगू नये, एवढेच आमचे म्हणणे.

आता आपल्या देवळांचे पाहा. गोव्याचे देऊळ बांधणाऱ्याला ही विद्या पूर्वापार अवगत होती. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ कशासाठी आहे? माडांच्या गर्दीतून आधी तोच डोळ्यांत भरतो. वाट वळते, तो झाडाआड जातो, पुन्हा दिसतो. मग तळी लागते, पाय धुवावे असे वाटते. मग अंगण, मग सभामंडपाचा गारवा, आणि डोळे अंधाराला सरावल्यावर गाभाऱ्यातील नंदादीप. कोठेही बाण नाही आणि कोणी चुकत नाही. घरी आमच्या आजी कोणत्याही नव्या ठिकाणी पाऊल टाकताना “चल, पळोवया” म्हणत. कोंकणीतील या दोन शब्दांत पाहणेही आहे आणि जाणेही आहे.

आणि इतिहास! आराखड्यात प्रश्न आहे: मंगेशाचे मूळ स्थान कोणते? चार उत्तरे, त्यांतील एक कुशस्थळी. मुलगा बोट ठेवील, घंटा वाजेल, संपले. अहो, १५६० साली कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुट्ठाळीहून, देवाला उचलून पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर प्रियोळास नेले गेले. शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळास. ही माणसे वाट ठाऊक नसताना, घरदार मागे टाकून, देव बरोबर घेऊन निघाली होती. या खेळात मुलाला कुशस्थळीच्या काठावर रात्री उभे करा. समोर पाणी. हाती बाण नाही. पैलतीरावर कोठेतरी एक दिवा मिणमिणताना दिसू द्या, आणि तो आपला की परक्याचा हे त्याचे त्याला ठरवू द्या. नावाड्याला विचारू द्या. नावाडी पुढच्या खुणेपर्यंतच सांगेल. प्रियोळास पोहोचला तर पोहोचला. दोन रात्री चुकला तरी चालेल. चाळीस देवळे नकोत, तीन करा. मुलूख दहा गावांचा असू द्या, पण त्यातील प्रत्येक पायवाट कोणीतरी खरोखर चालून पाहिलेली असावी. त्यासाठी संगणकाच्या खर्चाआधी दोन तरुणांना एक पावसाळा फोंडा महालात पायी हिंडण्यास पाठवावे लागेल, आणि तो खर्च समितीने प्रथम मंजूर करावा, अशी सूचना आम्ही लेखी दिली आहे. पहिला पक्ष याला उनाडक्यांसाठी अनुदान म्हणेल, याची आम्हांस कल्पना आहे. तरुणांच्या पुढाऱ्याने आमचे टिपण वाचून विचारले की, गुण नसतील तर मुलांना आपण कोठवर आलो हे कळणार कसे. आम्ही त्यांना पुढील खेपेस बेगम बाजारात बरोबर येण्याचे निमंत्रण दिले आहे. मासळीबाजारातील त्या विलंबापायी दुसरी समई त्या दिवशी घ्यावयाची राहून गेली होती. पुढे तो मुलगाच चालणार आहे, आणि फोन घरी ठेवावयाचा असे त्याने आधीच बजावले आहे.